टोपात तांदूळ किती?

 

बैठकीत बचत जमा झाली, हप्ते लिहून झाले, वही मिटली, की हल्ली एक विषय हमखास निघतो. वजन. आणि वजनाचा विषय निघाला की तिसऱ्या वाक्याला भात येतोच. "मी भात बंद केलाय." "रात्रीचा सोडलाय, दुपारचा खाते." "ताई, भाकरी चालते ना, भात नको ना?" आम्ही समन्वयक गावोगाव फिरतो, त्यामुळे हे प्रश्न आमच्यापुढे येतात. आम्ही डॉक्टर नाही. पण हिशोब ठेवणं हे आमचं रोजचं काम आहे आणि भाताचा प्रश्न मुळात हिशोबाचा आहे. म्हणून आज भाताचा हिशोब मांडू.

आधी आपण कुठे राहतो ते बघा. रायगडला भाताचं कोठार म्हणत आले. आपल्याकडे सकाळी भाकरी तांदळाची, दुपारी भात, रात्री पुन्हा भात. पाहुणा आला की पोहे, तेही तांदळाचे. पेणचे पापड पोह्याचे. घावन तांदळाचे, गणपतीत मोदकाची पारी तांदळाची. देशावरच्या बाईने भात सोडला तर तिच्या ताटात ज्वारी-बाजरी तरी येते. आपल्याकडची बाई भात सोडून दोन भाकऱ्या जास्त खाते, म्हणजे तांदूळ सोडून तांदूळच खाते. वर तिला वाटतं, एवढा भात सोडला तरी काटा हलत का नाही!

तर पहिली गोष्ट ही. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात साधारण ७८ ग्रॅम पिष्ट असतं, ज्याला डॉक्टर लोक कार्बोहायड्रेट किंवा कर्बोदकं म्हणतात. त्यातून सुमारे ३५० कॅलरी मिळतात. कॅलरी म्हणजे अंगाला मिळणाऱ्या शक्तीचं माप. ते तांदूळ शिजवा, दळून भाकरी थापा नाहीतर कांडून पोहे करा, हिशोब जवळजवळ तोच राहतो. शिजल्यावर १०० ग्रॅमचा भात अडीचशे-तीनशे ग्रॅम भरतो, पण ते वाढलेलं वजन पाण्याचं. म्हणून मोजायचं ते कच्चं मोजायचं. टोपात पडण्याआधी.

आता मोठमोठ्या लोकांचं काय म्हणणं आहे ते ऐकू. काही वर्षांपूर्वी सगळ्यांच्या मोबाईलवर एकच वाद फिरत होता: दीक्षित की दिवेकर? डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात, दिवसातून दोनदाच जेवा, जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवा, मधे काही खाऊ नका आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. मूळ विचार नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांचा, असं ते स्वतःच सांगतात. ऋजुता दिवेकर म्हणतात, भाताला घाबरू नका, आपल्या मातीतलं, आजी खात होती ते खा, उपाशी राहू नका. आमच्या गटांतसुद्धा दोन पक्ष पडले होते. एका गावात तर सख्ख्या जावा दोन बाजूंना. एक दोनदा जेवायची, दुसरी दर दोन तासांनी काहीतरी तोंडात टाकायची, आणि स्वयंपाक दोघींचा एकाच चुलीवर!

आम्हाला काय वाटतं ते सांगतो. दोघांचं ऐकून वजन उतरलेल्या बायका आम्ही पाहिल्या आहेत आणि दोघांचं ऐकून न उतरलेल्याही. ज्यांचं उतरलं, त्यांनी कळत-नकळत मधलं अरबट-चरबट सोडलं होतं आणि भाताची एक वाटी कमी केली होती. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ६०९ जण होते. निम्म्यांना पिष्ट कमी खायला सांगितलं, निम्म्यांना तेल-तूप कमी खायला सांगितलं. वर्षाने वजनं केली तर एका गटाचं सरासरी ६ किलो उतरलं होतं, दुसऱ्याचं ५.३ किलो. म्हणजे नाव घेण्यासारखा फरकच नाही. साखर आणि मैदा कमी करायला मात्र दोन्ही गटांना सांगितलं होतं, आणि भाज्या भरपूर खायला. तेव्हा 'भात वाईट का चांगला' यावर भांडण्यात अर्थ नाही. किती, हे विचारू.

पण एक विचाराल. "भात बंद केल्यावर पहिल्या आठवड्यात माझं दोन किलो उतरलं, ते कसं?" खरंच उतरतं, आणि याच्यामुळेच बायका फसतात. आपण खाल्लेल्या पिष्टाचा थोडा साठा अंग स्नायूंत आणि यकृतात करून ठेवतं, आणि तो साठा सोबत पाणी धरून ठेवतो, एका ग्रॅममागे तीनेक ग्रॅम. भात-भाकरी एकदम बंद केली की साठा वापरला जातो आणि ते पाणी निघून जातं. काट्यावर दोन किलो कमी दिसतात, पण चरबी तेवढी गेलेली नसते. पुढे सणावाराला भात खाल्ला की पाणी परत येतं, आणि बाई म्हणते, "बघा, एका दिवसात दोन किलो वाढलं, भातानेच." ना ते उतरणं खरं, ना ते वाढणं.

आता मुख्य हिशोब. एक घर धरू. पाच माणसं. दुपारी टोपात पाऊण किलो तांदूळ, रात्री अर्धा किलो, सकाळच्या भाकऱ्यांना अर्धा किलो पीठ. झाले पावणेदोन किलो. पाचांत भागले की माणशी ३५० ग्रॅम. कोणी कमी खातं, कोणी जास्त, पण सरासरी ही. ३५० ग्रॅम तांदळातून मिळतात सव्वाबाराशे कॅलरी.

हैदराबादला राष्ट्रीय पोषण संस्था आहे, भारत सरकारची. त्यांनी ५५ किलो वजनाच्या बाईला दिवसभरात किती शक्ती लागते ते कामाप्रमाणे ठरवून दिलं आहे. बसून काम करणारीला १६६० कॅलरी. मध्यम कष्ट करणारीला २१३०. जड कष्ट करणारीला २७२०. त्याच संस्थेने २०२४ मध्ये सांगितलं की एकूण शक्तीपैकी धान्यातून ४५ टक्क्यांपेक्षा जास्त येऊ नये. उरलेली डाळी-कडधान्यं, अंडी-मासळी, दूध, भाज्या, फळं, शेंगदाणे आणि तेलातून यावी.

मग गुणाकार करू, आम्ही वहीत करून ठेवलाय. जड कष्टाच्या बाईचे ४५ टक्के म्हणजे १२२४ कॅलरी, म्हणजे ३५० ग्रॅम धान्य. बघा, आपल्या घरातला आकडा बरोब्बर तोच आला! मध्यम कष्टाला पावणेतीनशे ग्रॅमच्या आसपास. बसून काम करणारीला २१० ग्रॅमच्या आसपास.

म्हणजे आपला टोप लावणीच्या बाईच्या मापाचा आहे. दिवसभर चिखलात वाकून लावणी करणारी, डोक्यावरून पाणी आणणारी, भारे वाहणारी, भात कांडणारी, जात्यावर दळणारी बाई आपल्या सासूच्या सासूच्या काळी होती. तिला तेवढा भात लागत होता आणि तिच्या अंगाला तो लागतही नव्हता. आज दळण गिरणीत, पाणी नळाला, मळणी यंत्रावर. काही खारातल्या जमिनी पडीक, काही विकलेल्या. हमरापूर-जोहे बाजूच्या कारखान्यांत आपल्या कितीतरी बायका दिवसभर बसून गणपतीच्या मूर्तींना रंग देतात. पापडाच्या गटातल्या पाटाशी बसतात. धाटावच्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्या गाडीने जातात. या कामांनी पाठ मोडते, डोळे दुखतात, पण त्यात शक्ती लावणीइतकी खर्च होत नाही. थकवा वेगळा आणि खर्च वेगळा. काम बदललं, टोप बदलला नाही.

बरं, बाईच्या ताटात भात जास्त का असतो, याचं एक कारण टोपाच्या बाहेरही आहे. आपल्या घरात शेवटी कोण जेवतं? बाई. तोवर कालवणातले बोंबील संपलेले असतात, बिरड्यातले वाल संपलेले असतात, तळलेली तुकडी तर कधीच गेलेली असते. उरतं काय, तर भात आणि वरचा रस्सा. मग "वाया जायला नको" म्हणून टोप खरवडून ती आपल्या ताटात घेते. पुरुषाच्या आणि मुलांच्या ताटात भातासोबत मासळी असते, तिच्या ताटात भातासोबत भात. जाड बाईला रक्त कमी कसं, असं पुष्कळ जण विचारतात. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, हे सरकारी पाहणीतच आलेलं आहे. पोट भरतं, पण लोह आणि प्रथिनं पोचत नाहीत. वजनही जास्त आणि अशक्तपणाही, दोन्ही एकाच बाईत नांदतात.

म्हणून वजन उतरवायचं म्हणणाऱ्या सखीला आम्ही पहिलं हे सांगतो की स्वयंपाक झाला की आपल्या वाटणीचं कालवण एका वाटीत आधी काढून ठेव. वाल असतील तर वाल, मासा असेल तर तुकडी, अंडं असेल तर अंडं. आधी काढून ठेवलं म्हणजे आधी जेवलं असं होत नाही, सगळ्यांचं झाल्यावर सावकाश जेव. काही घरांत यावर बोललं जातं, आम्हाला माहीत आहे. "वाटी कसली झाकून ठेवलीस?" एका गावात सासूबाईंनीच यावर तोडगा काढला. त्यांनी सुनेसोबत आपलीही वाटी काढून ठेवायला सांगितली. मग बोलणार कोण!

आता भात किती कमी करायचा? घरच्या सगळ्यांचा टोप कमी करू नका. वाढत्या पोरांना आणि मजुरीला जाणाऱ्या माणसाला त्यांचा भात लागतो. कमी करायचा तो आपल्या वाटणीचा. बसून काम असेल आणि वजन उतरवायचं असेल, तर दिवसाला भात, भाकरी, चपाती, पोहे सगळं मिळून १५० ते २०० ग्रॅम कच्चं धान्य धरा. रेशनवर माणशी महिन्याला तांदूळ-गहू मिळून ५ किलो मिळतं ना, त्याला तिसाने भागलं तर रोजचे साधारण १६७ ग्रॅम येतात. लक्षात ठेवायला हे माप सोपं आहे. ते ताटात असं दिसेल: सकाळी एक भाकरी, दुपारी एक वाटी भात, रात्री पाऊण वाटी. भाकरी मात्र आपल्या नेहमीच्या ताटाएवढी नव्हे. तिचं पीठ एकदा तोलून बघा, पन्नास-साठ ग्रॅमवर थांबा.

आणि एकदम उडी मारू नका. ३५० वरून १७० वर एका दिवसात आलात तर चौथ्या दिवशी रात्री उठून डबे उघडाल. पहिल्या आठवड्यात मूठभर तांदळाएवढा भात कमी, दुसऱ्या आठवड्यात आणखी मूठभर. जुन्या गटांतल्या बायका सांगतात, रोजच्या तांदळातून मूठभर बाजूला काढून त्या बचत करायच्या. तीच मूठ आता या कामाला येईल. रोजचे १०० ग्रॅम तांदूळ कमी झाले की ३५० कॅलरी कमी होतात. त्यांच्या जागी वाल किंवा अंडं खाल्लं तर शंभरेक परत येतात. राहिलेल्या अडीचशेचा हिशोब महिन्याला साधारण एक किलोचा होतो. कमी वाटतं ना? ६५ किलोच्या बाईचे तीन महिन्यांत तीन किलो उतरले तर तेवढ्यानेही रक्तातली साखर आणि रक्तदाब यांच्यात फरक पडू लागतो.

भाताच्या जागी काय, हे आपल्याकडे विचारायची गरज पडू नये. रोह्याचे, पेणचे कडवे वाल आहेत. वाळलेल्या १०० ग्रॅम वालात वीसेक ग्रॅम प्रथिनं असतात आणि चोथा भरपूर, म्हणून पोट लवकर रिकामं होत नाही. पोपटीला आपण अंडी आणि शेंगा पोटभर खातोच, तेव्हा भाताची आठवण येते का? सुकट, जवळा, बोंबील, निवट्या, यांत पिष्ट जवळजवळ नाहीच. सुकट खारट असते, तेव्हा ती धुऊन घ्या आणि कालवणात वरून मीठ कमी घाला. पावसात टाकळा, कुरडू, भारंगी, कंटोली, शेवळं येतात, आदिवासी बायका नाक्यावर घेऊन बसतात. त्यांच्याशी भाव कमी करायला घासाघीस करू नका, ही आमची आगाऊ विनंती. पावसाळा संपला की माठ, मुळा, दुधी, शिराळी. भाजी आणि वाल ताटात आधी वाढा, भात नंतर. भात आधी वाढला की बाकीच्यांना जागाच राहत नाही.

काही प्रश्न थोडक्यात. नाचणीने वजन उतरतं का? नाचणीतही शंभरात ६७ ग्रॅम पिष्ट आहे. तिच्यात चोथा आणि चुना, म्हणजे कॅल्शियम, तांदळापेक्षा कितीतरी जास्त, म्हणून ती जरूर खा, पण मोजून. तीन नाचणीच्या भाकऱ्यांनी कोणी बारीक झालेलं नाही. पेज गाळून टाकली तर? पिष्ट थोडंसंच जातं, जीवनसत्त्वं मात्र सोबत जातात. उपवास? साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. श्रावणात चार सोमवार साबुदाण्याची खिचडी, बटाटा आणि वर गोड चहा, तर तो उपवास वजनाच्या बाजूने मोजा. आणि चहा! दोन चमचे साखरेचे चार चहा म्हणजे ४० ग्रॅम साखर, १६० कॅलरी. पन्नास ग्रॅम तांदळाच्या जवळपास. कमी करायला सुरुवात भातापासून नव्हे, इथून करावी असं आमचं मत आहे. त्यात बुडवलेली खारी आणि बटर आम्ही मोजलेलेच नाहीत.

एक गोष्ट मात्र नीट ऐका. मागे लावणीच्या दिवसांत एका सखीने भात आणि भाकरी दोन्ही बंद केली. सकाळी कोरा चहा घेऊन शेतात उतरली. अकराच्या सुमाराला बांधावर भोवळ येऊन पडली. नशीब, सोबत बायका होत्या. लावणीत, कापणीत, रोजगार हमीच्या कामावर असताना धान्य कमी करू नका, तेव्हा ३५० ग्रॅम तुमचेच आहेत. कमी करायचं ते दिवाळीनंतर, बसायचे दिवस आले की. आणि १५० ग्रॅमच्या खाली स्वतःच्या मनाने कधीच जाऊ नका.

ज्यांना साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय भात कमी करायचा नाही. गोळी तेवढीच आणि भात अर्धा, तर साखर एकदम खाली जाऊन जिवावर बेतू शकतं. पोटुशी बाई, अंगावर पाजणारी बाई, वाढत्या वयाच्या मुली, यांनी या हिशोबात पडूच नये. आणि जिचं वजन मुळात कमी आहे तिनेही. आपल्याकडे तशा बायकाही पुष्कळ आहेत.

वजन उतरवायची गरज आहे का, हे आधी बघा. शिवणकामाचा टेप बेंबीच्या पातळीला कमरेभोवती धरा. आपल्या बायकांसाठी ८० सेंटिमीटर ही हद्द आहे. त्याच्या वर गेली तर सावध. उंची पाच फूट असेल तर वजन ५३ किलोच्या आसपासपर्यंत ठीक धरतात. तिशी उलटलेल्यांना गावच्या उपकेंद्रात साखर आणि रक्तदाब फुकट तपासून मिळतो, तो तपासून घ्या.

जाता जाता, जोहे बाजूच्या एका गटातून विचारलं आहे की गणपतीत मोदकांचं काय? खा. उकडीचे दोन मोदक खाल्ले तर त्या वेळचा भात त्यातच धरायचा, इतकंच. पाचव्या मोदकाचा हिशोब आम्ही मांडणार नाही.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरातली तांदूळ मोजायची वाटी आणि शिवणाचा टेप घेऊन यायचं. प्रत्येकीच्या वाटीत किती ग्रॅम मावतात ते तोलून वाटीवर तेलरंगाने लिहून ठेवू. पापडाच्या गटाचा वजनकाटा आम्ही आणतो.